आरसा, पत्ते आणि बारा फ्रेमचा ठेका: ‘थ्रू द मिरर’सारखी जादू कागदावर काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघे विद्यार्थी मिळून दीड मिनिटाची, कागदावर पेन्सिलीने काढलेली ॲनिमेशन फिल्म करत आहेत. गोष्ट लुईस कॅरोलच्या ॲलिसचीच, पण आपल्या पद्धतीने मांडलेली: एक मुलगी आरशातून पलीकडे जाते, बोटभर होते, पत्त्यांच्या कॅटमध्ये नाचते आणि शेवटी त्यांच्याशीच तिचं वाजतं. नमुना म्हणून समोर आहे डिस्नेचा १९३६ सालचा लघुपट ‘थ्रू द मिरर’. लाइन टेस्ट (पेन्सिलीची ड्रॉइंग चालवून घेतलेली चाचणी) पाहिल्यावर तिघांच्या तीन तक्रारी आहेत. आरसा पडद्यासारखा दिसतो, पत्ते रुमालासारखे लहरतात आणि नाच हळूहळू गाण्याच्या मागे पडत जातो.

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. आरसा आणि पत्ते जादूचे आहेत म्हणून त्यांना कोणतेही नियम नाहीत, असं धरून ते काढले आहेत. खरं तर उलट करायला हवं. जादूच्या वस्तूला तिच्या साध्या रूपापेक्षाही काटेकोर नियम लागतो, कारण प्रेक्षकाला ती पहिल्यांदाच दिसत असते आणि ती काय करू शकते हे त्याला चार-पाच सेकंदांत कळायला हवं. तिसरी तक्रार निव्वळ भागाकाराची आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी मूळ लघुपटाबद्दल थोडं, कारण त्यातली निवड समजली की पुढचं सोपं जातं. दिग्दर्शक डेव्हिड हँड, प्रदर्शन ३० मे १९३६, लांबी सुमारे नऊ मिनिटं, तीनरंगी टेक्निकलर. मिकी ॲलिसचं पुस्तक वाचता वाचता झोपतो. त्याच्या झोपलेल्या देहातून एक अर्धपारदर्शक मिकी उठतो, शेकोटीवरच्या आरशातून पलीकडे जातो. तिथलं फर्निचर जिवंत आहे. तो अक्रोड खातो, आधी छताला टेकतो आणि मग इवलासा होतो. उंच हॅट आणि हातमोज्यांबरोबर नाचतो, पत्त्यांच्या कवायतीत सामील होतो, बदामच्या राणीबरोबर नाचतो, राजा खवळतो, तलवारी निघतात, सगळा कॅट मागे लागतो. टेबलफॅनच्या वाऱ्याने पत्ते उडतात आणि मिकी परत आपल्या देहात येतो.

नाव आरशाचं असलं तरी यातला निम्मा माल ॲलिसच्या पहिल्या पुस्तकातला आहे. आरशापलीकडच्या दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे डिसेंबर १८७१ मध्ये आलेल्या, बुद्धिबळ आहे. पत्त्यांचे राजा-राणी आणि खाल्ल्यावर लहानमोठं होणं हे १८६५ च्या पुस्तकातलं. बुद्धिबळाची सोंगटी जड, गोल आणि घन. तिला प्रत्येक कोनातून वेगळं काढावं लागतं आणि हलवली तर ती फक्त सरकते. पत्ता सपाट आहे, वाकतो, उलटतो, पिसला जातो, पंख्यासारखा पसरतो, वाऱ्यावर उडतो. चित्र हलवायचं असेल तर पत्त्याइतकं उपयोगी पात्र शोधून सापडणार नाही. रूपांतर करताना ‘पुस्तकात काय आहे’ याच्या जोडीला ‘यातलं काय हलतं’ हे विचारायचं असतं, ते हे असं.

आरशाचंही तसंच. पुस्तकात काच चकाकत्या चंदेरी धुक्यासारखी विरघळत जाते. वाचताना ते सुंदर आहे. पण धुक्यातून शिरणाऱ्या पात्राला करायला काहीच उरत नाही, ते नुसतं चालत जातं. लघुपटात काच मऊ, ताणली जाणारी केली आहे. आता मिकीला तिला ढकलता येतं, ती विरोध करते, मग सोडते. ॲनिमेशनमध्ये अभिनयाला प्रतिकार लागतो. तुमची काच पडद्यासारखी दिसते, कारण तिच्यात प्रतिकार नाही. हात लागताच ती बाजूला होते.

ती दुरुस्त कशी करायची ते फ्रेमच्या हिशोबात सांगतो. २४ फ्रेमचा सेकंद धरला आहे. बोट काचेला टेकल्यावर चार फ्रेम काहीही होऊ देऊ नका. काच अजून काचच आहे, हे डोळ्याला कळू द्या. मग सोळा फ्रेम ढकलणं: पहिल्या चार फ्रेममध्ये निम्मं अंतर, पुढच्या चारमध्ये उरलेल्याच्या निम्मं, असं कमी होत जाणारं. शेवटच्या चार फ्रेममध्ये हात जेमतेम सरकतो, पण खांदा आणि कंबर पुढे येत राहतात, म्हणजे जोर वाढतो आहे हे शरीर सांगतं. मग दोन फ्रेममध्ये हात पार. एवढं अचानक व्हायलाच हवं. इथे सहा-आठ फ्रेम दिल्या की पडदा झालाच म्हणून समजा.

हात पार झाला की काच मागे येते, उलट बाजूला फुगते आणि थरथरत स्थिर होते. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. थरथर कमी होत जाते म्हणून प्रत्येक झोक्याचा वेळही कमी करतात. टप्पे खाणाऱ्या चेंडूचं तसं असतं, टप्पा लहान झाला की वेळही लहान होतो. ताणलेल्या पापुद्र्याचं तसं नाही. त्याचा झोका लहान होतो, वेळ तेवढाच राहतो. म्हणून प्रत्येक झोका सहा फ्रेमचाच ठेवा आणि फुगवटा मिलिमीटरमध्ये २०, १२, ७, ४, २ असा उतरवा. तीस फ्रेममध्ये काच शांत होते आणि ती काचच वाटते.

तरंगाची वर्तुळं काढणार असाल तर त्यांचा वेग एकसारखा ठेवा. दर ड्रॉइंगला त्रिज्या ८ मिमीने वाढली तर शेवटपर्यंत ८ मिमीनेच. सुरुवातीला हळू, मग जलद असं केलं तर पाण्याचा तरंग न वाटता कुणीतरी वर्तुळ मोठं करतंय असं वाटतं. आरसा तिरका दिसत असेल तर वर्तुळांच्या जागी लंबवर्तुळं येतात आणि त्यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण सगळ्यांत तेच राहतं. एक प्लॅस्टिकचा लंबवर्तुळाचा साचा घ्या, हाताने काढू नका, रेघ वळवळते. आरशाची चौकट सगळ्यात वरच्या लेयरवर (थरावर) ठेवा, म्हणजे प्रत्येक ड्रॉइंगमध्ये तरंग कडेला कापत बसावं लागत नाही. आणि चौकट अजिबात हलता कामा नये. काच मऊ आहे हे दाखवायला शेजारी काहीतरी ताठ लागतं.

आतलं अख्खं प्रतिबिंब वाकवत बसण्याची गरज नाही. आरशावर तिरक्या दोन चमकरेघा असतात ना, फक्त त्या तरंगासोबत वाकवा. तेवढ्याने सगळी काच हलल्यासारखी वाटते आणि पन्नासेक ड्रॉइंग वाचतात.

प्रतिबिंबाचा कोन आधी ठरवा. कॅमेरा बाजूने असेल, म्हणजे आरसा पानावर उभ्या रेघेसारखा दिसत असेल, तर कागद उलटा करून लाइट बॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेवर) गिरवलं की प्रतिबिंब तयार. बोट रेघेपासून ३ सेंमीवर असेल तर प्रतिबिंबातलं बोटही पलीकडे ३ सेंमीवरच हवं. कॅमेरा मुलीच्या पाठीमागे असेल तर ही युक्ती चालत नाही. तुम्हाला तिची पाठ दिसते आणि आरशात तिचा चेहरा, म्हणजे प्रतिबिंबाची सगळी ड्रॉइंग नव्याने काढावी लागतात. तिघांच्या फिल्ममध्ये आरशाकडे जाणं बाजूने दाखवा. मिकीला एक फायदा होता: त्याचे कान कोणत्याही कोनातून गोलच असतात, त्यामुळे त्याला उलटवलं तरी बिघडत नाही. तुमच्या मुलीचा भांग एका बाजूला असेल किंवा एकाच खांद्यावर वेणी असेल तर पलीकडे गेल्यावर ती कोणत्या बाजूला, हे मॉडेल शीटवर (पात्राच्या नमुना-चित्रांच्या पानावर) लिहून ठेवा. माझा सल्ला: खोली उलटवा, मुलगी उलटवू नका. खोली उलटली हे कळायला घड्याळ पुरे. पत्त्यांवर उलटेपणा फारसा दिसत नाही, कारण बदाम, चौकट, किलवर, इस्पिक ही चारही चिन्हं डावी-उजवीकडे सारखीच आहेत. फक्त कोपऱ्यातली अक्षरं आणि आकडे उलटतात.

झोपलेल्या देहातून उठणारं पारदर्शक पात्र त्या काळी कॅमेऱ्यात दोनदा एक्स्पोजर देऊन करत. एकदा पार्श्वभूमी एकटी अर्ध्या प्रकाशात, मग फिल्म मागे घेऊन पार्श्वभूमी आणि पात्र पुन्हा अर्ध्या प्रकाशात. पार्श्वभूमीची बेरीज पूर्ण होते, पात्राची अर्धी. त्यात टेक्निकलरची भर: कार्टूनसाठी एकाच कृष्णधवल निगेटिव्हवर प्रत्येक फ्रेम लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून अशी तीनदा टिपत. नऊ मिनिटांचे १२,९६० फ्रेम होतात. तिप्पट केले की ३८,८८० एक्स्पोजर, आणि पारदर्शक शॉटमध्ये तेच पुन्हा एकदा. एक काम चुकलं की पूर्ण शॉट नव्याने. त्या शॉटमध्ये मिकी फार वेळ पारदर्शक राहत नाही, यामागचं व्यावहारिक शहाणपण इथे दिसतं. तुम्हाला संगणकात हे एका स्लायडरवर मिळतं, पण एक खड्डा आहे: ओपॅसिटी (चित्र किती अपारदर्शक, याचं माप) प्रत्येक लेयरला वेगळी दिली तर दंडामागून फ्रॉक, फ्रॉकमागून पाय दिसायला लागतो. पात्राचे सगळे लेयर आधी एका ग्रुपमध्ये घ्या आणि ओपॅसिटी ग्रुपला द्या.

आता लहान होणं. मुलगी लहान झाली हे तिला लहान काढून फार थोडं कळतं. शेजारच्या वस्तू मोठ्या आणि तपशीलवार काढल्या की जास्त कळतं: टेबलाच्या लाकडाची रेषा, काडेपेटीच्या कडेची खरखर, सुईचं नेढं. आणि वेळ बदलावा लागतो. दीड मीटर उंचीवरून पडायला सुमारे १३ फ्रेम लागतात. सहा सेंटिमीटर उंचीवरून जेमतेम तीन. खरोखर तीन फ्रेममध्ये पाडलं तर प्रेक्षकाला पडणं दिसतच नाही. तेरा दिले तर ती लहान वाटत नाही, नुसतं सेट मोठं बांधल्यासारखं वाटतं. सहा ते आठ फ्रेममध्ये मध्यम मार्ग सापडतो. वळणं, थांबणं, मान फिरवणं यांनाही हाच हिशोब: मोठी असताना जी हालचाल बारा फ्रेमची, ती लहान झाल्यावर सात-आठची. रेघेची जाडी मात्र दोन्हीकडे तीच ठेवा. मोठ्या काढलेल्या ड्रॉइंगला स्कॅन करून साठ टक्के केलं की रेघही बारीक होते आणि ते पात्र दुसऱ्याच फिल्ममधून आल्यासारखं दिसतं.

पत्ते हा या लघुपटाचा प्राण आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पत्ता एका वेळी एकाच दिशेने वाकतो. एक पत्ता हातात घ्या, दोन बोटांत उभा दाबा. तो कमानीसारखा होतो, पण आडवी कड सरळच राहते. दोन्ही बाजूंनी एकदम वाकवायला जाल तर सुरकुती पडेल. कापड दोन्ही दिशांना वाकतं, पत्ता वाकत नाही, आणि डोळा कागद की कापड हे याच एका खुणेवरून ओळखतो. म्हणून काढताना आधी एका लांब कडेची वक्ररेषा काढा, दुसरी लांब कड तिचीच नक्कल असू द्या आणि दोघींना जोडणाऱ्या वरखालच्या रेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ ठेवा. तुमचे पत्ते रुमाल होतात ते या चारही कडा वळवल्यामुळे.

दुसरी खूण लांबीची. पत्ता कितीही वाकला तरी त्याची कड ताणली जात नाही. सरळ पत्ता ९ सेंमीचा काढला असेल तर वाकलेल्या कडेवर दोरा ठेवून मोजला तरी तो ९ सेंमीच भरला पाहिजे. इन-बिट्वीन, म्हणजे दोन मुख्य ड्रॉइंगच्या मधली ड्रॉइंग, करताना दोन कोपऱ्यांच्या बरोबर मधोमध तिसरा कोपरा धरण्याची सवय इथे घात करते. कोपरा सरळ रेषेत नाही, कमानीत फिरतो. सरळ रेषेत नेला की मधल्या ड्रॉइंगमध्ये पत्ता आखूड होतो आणि चालवून पाहिलं की रबरासारखा दिसतो. दोऱ्याऐवजी कागदाची अरुंद पट्टी, तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण, हे सगळ्यात हाताशी येणारं हत्यार आहे. ती टेबलावर कायम असू द्या.

उलटणारा पत्ता. समजा पत्ता ६ सेंमी रुंद आहे आणि बारा फ्रेममध्ये तो पूर्ण उलटायचा आहे. बहुतेक जण रुंदी सारखी वाटतात: ६, ५, ४, ३, २, १, शून्य. चालवल्यावर पत्ता फिरत नाही, कुणीतरी त्याला बाजूने चेपतंय असं दिसतं. सारखा वाटायचा आहे तो कोन. दर फ्रेमला १५ अंश घेतले तर रुंदी येते ६, ५.८, ५.२, ४.२, ३, १.६ आणि शेवटी शून्य. पहिल्या फ्रेममध्ये दोनच मिलिमीटरचा फरक आणि शेवटच्यात दीड सेंटिमीटरहून जास्त. हे आकडे कार्डबोर्डवर लिहून लाइट बॉक्सला चिकटवा. शून्याच्या जागी ड्रॉइंग गाळू नका. तिथे एक मिलिमीटर जाडीची उभी पट्टी काढा. ती एक फ्रेम नसेल तर पुढची बाजू जाऊन मागची नक्षी येताना पत्ता लुकलुकतो. आणि जवळ येणारी कड थोडी उंच, लांब जाणारी थोडी बुटकी करा: ९ ऐवजी एकीकडे ९.४, दुसरीकडे ८.६. एवढा फरक नसेल तर पत्ता डावीकडून फिरतोय की उजवीकडून, हे सांगता येत नाही.

कोणता पत्ता कुठे वापरायचा, याचाही विचार करा, कारण प्रत्येक चिन्ह तुम्हालाच काढायचं आहे. दश्शीवर मधली दहा चिन्हं, कोपऱ्यांत दोन आकडे आणि दोन छोटी चिन्हं, म्हणजे एकूण चौदा आकृत्या. ती सेकंदभर दर फ्रेमला नवी काढली तर ३३६ आकृत्या झाल्या. दुर्री असेल तर सहाच, म्हणजे १४४. पुढे नाचणारे, वाकणारे पत्ते दुर्री-तिर्री घ्या. नव्वी-दश्शी मागच्या रांगेत, होल्डवर, म्हणजे न हलवता. पत्ता पूर्ण फिरवायचा असेल, डोकं खाली पाय वर, तर चौकट निवडा. बदामच्या सत्तीत पाच चिन्हं सुलटी आणि दोन उलटी असतात, त्यामुळे फिरवल्यावर पत्ता वेगळा दिसतो आणि गिरवणारा हमखास गोंधळतो. चौकटचं चिन्ह उलटंसुलटं सारखंच. चौकटमध्ये फक्त सत्ती सांभाळावी लागते, कारण तिचं एक चिन्ह वरच्या अर्ध्यातच असतं. राजा, राणी, गुलाम यांना वर एक आणि खाली उलटं असं दुसरं डोकं असतं. पाय लावणार असाल तर खालच्या डोक्याचं काय, हे आधी ठरवा. खालचं डोकं गाळून झगा काढायचा की दोन्ही डोकी जिवंत ठेवायची, दोन्ही चालेल, पण एका फिल्ममध्ये एकच.

त्या काळी झेरॉक्सने रेघ सेलवर (पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर) उतरवायची सोय नव्हती. डिस्नेकडे ती १९५० च्या दशकाच्या शेवटी आली. म्हणजे १९३६ च्या त्या फौजेतला प्रत्येक पत्ता इंक अँड पेंट विभागातल्या बायकांनी टाकाने सेलवर गिरवला आणि सेल उलटी करून मागून रंगवला. सेल अगदी पारदर्शक नसते. एकावर एक ठेवल्या की खालचा रंग मळतो, म्हणून थर मोजून ठेवावे लागत आणि थर कमी झाला तर कोरी सेल घालून भरावा लागे. शिवाय पत्त्याचा लाल रंग सगळीकडे तोच राहायला हवा. पत्त्यांच्या दृश्यात रंग कुठे हलला तर तो पांढऱ्यावर लगेच दिसतो.

कवायतीसाठी सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा चालवता येणारा ड्रॉइंगचा संच, करा. एका पावलाला बारा फ्रेम, दोन पावलांना चोवीस. प्रत्येक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तर बारा ड्रॉइंगमध्ये एक पत्ता कायमचा चालतो. तीच सायकल मागच्या रांगेत दोन ड्रॉइंग उशिराने सुरू करा, रांगेतून लाट जाते आणि काम वाढत नाही. सगळे एकदम पाऊल टाकतील असं शिस्तीचं हवं असेल तर उशीर काढून टाका, पण मग एकाची चूक सगळ्यांची चूक होते, म्हणून सायकल आधी नीट तपासा. शेवटचं ड्रॉइंग पहिल्याची नक्कल नसावं. तसं असलं तर एक ड्रॉइंग दुप्पट वेळ थांबतं आणि दर सेकंदाला अडखळल्यासारखं दिसतं.

पंख्यासारखा पसरायला हातकाम पुरे. कार्डबोर्डचा पत्ता कापा, खालच्या कोपऱ्यापासून थोड्या आत टाचणीचं भोक पाडा, टाचणी पेपरवर रोवा आणि दर दहा अंशांवर फिरवून कड गिरवा. तेरा पत्ते म्हणजे १२० अंशांचा पंखा. पिसताना एक पत्ता एका फ्रेमला पडतो, डावा, उजवा, डावा, उजवा. इथे दोन फ्रेम धरू नका, फडफड हरवते.

वाऱ्यावर उडणं शेवटी सगळे घाईत काढतात, म्हणून दोन गोष्टी. संथ हवेत सोडलेला पत्ता झोके घेत उतरतो, दोन्ही टोकांना हळू आणि मध्ये जलद, एका झोक्याला सोळा ते वीस फ्रेम. टेबलफॅनच्या झोतात तसं होत नाही. तिथे तो आपल्या लांब अक्षाभोवती गरगरत जातो. झोतात झोके दाखवले तर पंखा चालू असल्याचं पटतच नाही. पहिल्या सहा फ्रेममध्ये जवळचे तीन-चार पत्ते उडवा, मग मोठा लोट, मग एखादा राहिलेला. सगळे एका फ्रेमला उडाले की ते चित्र पुसल्यासारखं वाटतं.

आता नाच. तुमचं गाणं मिनिटाला १३२ ठोक्यांचं आहे. २४ फ्रेमच्या सेकंदात मिनिटाचे १४४० फ्रेम होतात. १४४० भागिले १३२ म्हणजे १०.९. तुम्ही प्रत्येक ठोक्याला ११ फ्रेम धरले. वीस सेकंदांत ४४ ठोके पडतात: गाण्याचे ४८० फ्रेम, तुमच्या नाचाचे ४८४. चार फ्रेम उशीर. सुरुवातीला जाणवत नाही आणि शेवटी टाळी चुकते, हे बरोबर जुळतं. ड्रॉइंगमध्ये काहीही चुकलेलं नाही, ती परत काढू नका.

डिस्नेकडे १९२८ पासून संगीत आणि चित्र एकाच ठेक्यावर आखण्याची पद्धत रूढ झाली. तिथल्या विल्फ्रेड जॅक्सन यांनी त्यासाठी मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारं यंत्र) वापरला. ठोका पूर्ण फ्रेमचाच असेल, हे आधी ठरतं, मग सूर आणि पावलं त्यावर बसतात. हीच शिस्त मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आली ती डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये इथे शिकवायला आले तेव्हा. टॅप नाचासाठी बारा फ्रेमचा ठोका, म्हणजे मिनिटाला १२०, सर्वात सोयीचा, कारण बाराला दोन, तीन, चार आणि सहाने भाग जातो. दुप्पट लयीची पावलं सहा-सहा फ्रेमवर, तिप्पट चार-चारवर, चौपट तीन-तीनवर. दहा फ्रेमच्या ठोक्यात निम्मं करता येतं, तिप्पट लय बसत नाही. गाणं तुमचंच असेल तर १२० वर पुन्हा वाजवा. ते शक्य नसेल तर ठोक्यांच्या जागा ध्वनीच्या आलेखावरून एकेक वाचून एक्स्पोजर शीटवर (कोणत्या फ्रेमला कोणतं ड्रॉइंग, त्या तक्त्यावर) लिहा: बहुतेक ठिकाणी ११, दर अकरा ठोक्यांत एकदा १०. याने चूक कधीच एका फ्रेमच्या पुढे जात नाही.

पाऊल टेकतं ते ड्रॉइंग आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा. बरोबर त्याच फ्रेमला ठेवलं तर डोळ्याला ते उशिरा वाटतं. टेकलेलं पाऊल किमान दोन फ्रेम जागचं हलू नये, बाकी नाच दर फ्रेमला नव्या ड्रॉइंगवर. पाऊल ज्यावर पडतं ती वस्तूही बोलू द्या. हॅटचा माथा प्रत्येक पावलाला दोन-तीन मिमी दबला की मुलीला वजन येतं. आणि एडिटिंगची टाइमलाइन २५ फ्रेमवर तर नाही ना, ते बघून घ्या. आपल्याकडच्या व्हिडिओ प्रोजेक्टमध्ये ती बऱ्याचदा तशी असते आणि मग चोवीसच्या शीटवर काढलेला नाच चार टक्के पुढे पळतो.

कामाचा आवाका: दीड मिनिटाचे २१६० फ्रेम. नाचाचे वीस सेकंद दर फ्रेमला नवं, म्हणजे ४८०. उरलेले सत्तर सेकंद दोन-दोनवर (एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरून), म्हणजे ८४०. एकट्या मुलीची १३२० ड्रॉइंग. तिघांनी रोज प्रत्येकी बारा, क्लीन-अपसह (रेघ साफ करून), पूर्ण केली तर सदतीस दिवस, त्यात पत्ते धरलेले नाहीत. म्हणून बावन्न पत्ते काढू नका. एकच रंग घ्या, तेरा पत्ते, बाकीची फौज पाठीच्या नक्षीने भरा. नक्षीही जाळीची न घेता रुंद पट्ट्यांची ठेवा. बारीक जाळी हलताना डोळ्यांसमोर झळझळते आणि गिरवायला चौपट वेळ खाते.

पुस्तक वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, लेखक १८९८ मध्ये आणि मूळ चित्रकार १९१४ मध्ये गेले. लघुपटातले मिकी, राणीचा चेहरा, शॉटची मांडणी यांना मात्र हात लावू नका. अमेरिकेत तो लघुपट २०३१ च्या अखेरीपर्यंत हक्कांतच आहे.

शेवटचा शॉट, पारदर्शक मुलगी झोपलेल्या मुलीत परत मिसळते तो, उलट्या क्रमाने काढा. झोपलेलं ड्रॉइंग पेग बारवर (कागद जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर) सगळ्यात खाली ठेवा, त्यावरून शेवटचं ड्रॉइंग रेघेवर रेघ गिरवा, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं, अशी आठ. स्कॅन करताना पेग बार काचेला टेपने चिकटवा आणि आठही कागद एकाच बैठकीत, एकाच बाजूने घाला. कागद अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी दोन मुली एक होताना नाकाला दोन रेघा दिसतात.